नळीतलं पाणी

घड्याळजींनी दुकान बंद केलं तेव्हा सगळ्यांना एकच कारण सांगितलं. "हल्ली लोक वेळ फोनमध्ये बघतात. मनगटावर बांधतात ते नुसतं शोभेला." लोकांना ते पटलं. बायकोलाही पटलं. घरी बसून हा माणूस आपलं डोकं खाईल, अशी भीती तिला नव्हती. मागच्या अंगणात त्यांची आगगाडी होती.

"खेळण्यातली नव्हे," असं ते प्रत्येक नव्या माणसाला बजावत. इंजिन हातभर लांबीचं, पण खऱ्या वाफेवर धावणारं. तांब्याचा बॉयलर त्यांनी स्वतः चांदीच्या डाकाने सांधला होता. त्याच्या खाली गॅसची ज्योत होती आणि मागे पाण्याची छोटी टाकी. कमरेएवढ्या उंचीच्या फळ्यांवर रूळ होते. ते कपड्यांच्या दोरीखालून जात आणि कुंपणाला वळसा घालून परत घराशी येत.

बायको शिवणकाम करायची. इंजिन घडत होतं त्या सगळ्या वर्षांत तिने बॅटरी धरली होती, आणि बॅटरी धरता धरता बरंच शिकली होती. बॉयलरच्या मागच्या बाजूला करंगळीहून बारीक काचेची नळी उभी बसवलेली होती. बॉयलरमध्ये जेवढं पाणी, तेवढं नळीत दिसायचं. ते खाली गेलं की हातपंपाने टाकीतलं पाणी आत घ्यायचं. "पाणी संपलं की मेहनत पाण्यात," घड्याळजी म्हणत, आणि आपल्याच विनोदावर हसत.

त्या सकाळी त्यांचा मित्र आला होता. तो पूर्वी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता, म्हणून अजूनही सगळे त्याला कंपाउंडरच म्हणत. त्याने स्वतः केलेले दोन नवे डबे आणले होते. गाडीने काही फेऱ्या मारल्या आणि वळणावर शेवटचा डबा घसरला. घड्याळजींनी गाडी थांबवली. कंपाउंडर डबा रुळावर बसवायला कुंपणाकडे गेला. बायको चहाचे कप घेऊन आली आणि सवयीने तिची नजर नळीवर गेली.

नळीत पाण्याची रेघ कुठेच नव्हती.

"अहो, पाणी बघितलंत का?"

"अर्ध्याच्या वर आहे."

तिने कप खाली ठेवले, वाकून पुन्हा पाहिलं आणि हात घालून गॅसची कळ बंद केली.

"कोणी सांगितलं तुला हात लावायला?" घड्याळजी ओरडले.

"नळी रिकामी आहे."

"मी काय आंधळा आहे? मला दिसतंय ना!"

कंपाउंडर धावत आला. त्याने वाकून पाहिलं आणि मित्राच्या तोंडाकडे पाहिलं. मग चाचरत म्हणाला, "वरपर्यंत भरली असेल, वहिनी. भरलेली आणि रिकामी काच सारखीच दिसते."

त्याला मित्राची लाज राखायची होती. पण घड्याळजींनी तेवढाच धागा पकडला. "बघ! आणि तुझी खात्री होत नसेल तर हे घे, अजून भरतो." त्यांचा हात पंपाकडे गेला.

तापलेल्या कोरड्या बॉयलरमध्ये थंड पाणी गेलं तर तो फुटू शकतो, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. तिने त्यांचं मनगट धरलं. त्यांनी ते जोरात हिसडलं, आणि तिचा हात जाऊन बॉयलरवर टेकला.

ती ओरडली नाही, नुसता श्वास आत ओढला. कंपाउंडर तिला नळाखाली घेऊन गेला. घड्याळजी होते तिथेच उभे राहिले.

इंजिन निवल्यावर कंपाउंडरने बॉयलरची टोपी उघडली आणि इंजिन उचलून थाळीवर उलटं केलं. दोन-चार थेंब पडले.

"येतो मी," एवढंच बोलून तो गेला. नवे डबे तो तिथेच विसरला.

दुपारी स्वयंपाकघरात घड्याळजी तिच्या समोर येऊन बसले. तिच्या मनगटावर पट्टी होती. ते त्या पट्टीकडे बघत नव्हते, थोडं बाजूला बघत होते.

"कधीपासून कळलंय तुला?"

"कपात पाणी ओतताना तुम्ही बोट आत बुडवता, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

ते म्हणाले, "मधलं दिसत नाही. कडा दिसतात. आत्ता तुझे कान दिसतायत, तोंड नाही."

मग त्यांनी दुकानाचं सांगितलं. एका बाईंच्या वडिलांचं घड्याळ दुरुस्तीला आलं होतं. त्यातला एक स्क्रू त्यांच्या चिमट्यातून निसटला. गुडघ्यांवर बसून त्यांनी सगळी फरशी हाताने चाचपली, पण तो सापडला नाही. दुसरा बसवायला गेले तर आतलं चाक मोडलं. "तुमचं घड्याळ गेलंय, असं सांगितलं मी बाईंना. त्यांनी माझे आभार मानले गं."

तिला त्यांची कीव आली आणि रागही आला. दोन्हींतलं आधी काय दाखवावं ते कळेना, म्हणून तिने भांडी आवरायला घेतली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. उजवा डोळा हाताबाहेर गेला होता. डाव्यात इंजेक्शनं देऊन आहे तेवढी नजर टिकवता आली तर बघू, असं म्हणाले. "आधी यायला हवं होतं," हेही म्हणाले. परतीच्या वाटेवर घड्याळजींनी तिचा कोपर धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण रस्त्यावर त्यांनी तिला हात लावल्याचं तिला आठवत नव्हतं.

इंजिन फडक्यात गुंडाळून कपाटावर गेलं. घड्याळजी चिडचिडे झाले. मीठ कमी, भात जास्त, रेडिओ मोठा. एक दिवस तीच म्हणाली, "पेटवा ना इंजिन. मी नळी बघते."

"नळी वाचायला माणूस ठेवून इंजिन चालवायचं? त्यापेक्षा तूच चालव. तुला येतंय सगळं."

"मला नाही आवडत ते," तिच्या तोंडून निघून गेलं. "कधीच नाही आवडलं. तेलाचा वास येतो, कपड्यांवर काजळी बसते. मी बॅटरी धरायची, कारण तेवढ्या वेळात तुम्ही माझ्याशी बोलायचात. हे काय, ते कसं, सगळं सांगायचात. एरवी दिवसदिवस घड्याळं तेवढी बोलायची घरात."

संध्याकाळी घड्याळजींनी कंपाउंडरला फोन केला. "तुझे डबे पडलेत इथे," म्हणाले. आणि मग, "बॉयलरचे सांधे एकदा तपासून दे रे. माझ्याने होणार नाही."

सांधे शाबूत निघाले. तिघंही अंगणात उभे राहिले. ज्योत पेटली, यथावकाश दाब चढला. घड्याळजींनी चाचपून वाफेची कळ उघडली. गाडी हलली, दोरीखालून गेली, वळसा घालून परत आली.

"पाणी?" त्यांनी विचारलं.

"अर्धं."

"नक्की?"

"नक्की."

आणखी एक फेरी झाली. "पाणी?"

"अर्ध्याच्या जरा खाली."

त्यांचा हात पंपावर गेला आणि थबकला. "खरं सांगतेस ना?"

तिला राग आला. हातावरचा भाजल्याचा डाग अजून गेला नव्हता, आणि हा माणूस तिलाच विचारत होता. तिने कंपाउंडरकडे पाहिलं. तो रुळांकडे बघत होता. मग तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे वळलेला होता, डोळे मात्र तिच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी. भुवया ताणलेल्या होत्या आणि कपाळाला घाम होता.

"खरं सांगतेय," ती म्हणाली. "मारा पंप. मी थांब म्हणेपर्यंत मारत राहा."

ते पंप मारू लागले.