तपासणाऱ्याचा रकाना

तळघराच्या दाराला कुलूप का, हे भास्कररावांनी न्युरेम्बर्गला आल्यापासून तीन आठवड्यांत एकदाही विचारलं नव्हतं. पायऱ्या निसरड्या आहेत, असं प्रतापने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. पण दाराच्या फटीतून येणारा आंबूस वास त्यांनी लगेच ओळखला. दारू सोडून एकवीस वर्षं झाली तरी नाक काही विसरत नाही. मुलगा खाली बीअर करतो आणि बापापासून लपवतो, एवढं त्यांना कळलं. लपवायला कारण होतं.

पंधरा वर्षांचा असताना प्रताप कपाटातल्या बाटलीवर पेनाने बारीक रेघ मारून ठेवायचा, किती उतरली ते बघायला. भास्करराव तेवढंच पाणी ओतून पातळी पुन्हा रेघेवर आणायचे. पिंपरीच्या कारखान्यात दिवसभर तापमापकं तपासून चुकीची बाजूला काढणारा माणूस घरी मुलाला खोटं माप दाखवत होता. पुढे दारू सुटली. ती रेघ काही सुटली नाही.

प्रताप कामासाठी आठवडाभर हॅम्बर्गला गेला आणि मंगळवारी सकाळी हाइत्सुंग, म्हणजे घर तापवणारी यंत्रणा, बंद पडली. बाहेर उणे अकरा. दुरुस्तीवाला शुक्रवारी येतो म्हणाला. ऋचाने, त्यांच्या सुनेने, बॉयलर बघायला तळघर उघडलं, तेव्हा आपल्याला यंत्रांतलं कळतं म्हणून भास्कररावही मागोमाग उतरले.

बॉयलरला लागून वीस लिटरची पांढरी बादली होती. झाकणातून वर आलेल्या नळीत बुडबुडा नव्हता, म्हणजे आंबणं थांबलं होतं. बादलीवर चिकटवलेली तापमानाची पट्टी चौदा दाखवत होती. शेजारी प्रतापच्या अक्षरात कागद: अठरा ते वीस अंश. गुरुवारी घनता.

ऋचा अवघडली. तिने तिथूनच प्रतापला फोन लावला. तळघरात इतकी शांतता होती की तो काय बोलला ते भास्कररावांना स्पष्ट ऐकू आलं.

"जाऊ दे फुकट. ओतून टाक वाटलं तर. पण बाबांना खाली पाठवू नकोस."

रागवायचा हक्क आपल्याला नाही, हे भास्कररावांना ठाऊक होतं. पण तापमान एका जागी धरून ठेवणं ही जगातली एकच गोष्ट त्यांना खरोखर येत होती. त्यांनी बादलीच्या अंगावर हात ठेवला.

"यीस्ट मेलेलं नाही, गारठलंय," ते म्हणाले. "एखादा मोठा टब आहे का?"

ऋचाने स्पष्टच सांगितलं की ती प्रतापपासून काही लपवणार नाही. लपवू नकोस, आजच कळव, ते म्हणाले, आणि किल्लीही तुझ्याकडेच ठेव. मग तिने टब आणला. वरून गोधडी आणि आपल्या खोलीतला हीटरही आणते म्हणाली.

"हीटरने खोली तापेल, निवेल, पुन्हा तापेल. त्या वर-खालीनेच बिघडतं. आणि गोधडी ऊब देत नाही, असलेली राखते. ऊब पाण्याची द्यायची."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ऋचा हसून म्हणाली. "शाळेत शिकवलं होतं हे. विसरले."

बादली टबात ठेवून भोवती कोमट पाणी भरलं. दर तीन तासांनी दोन लिटर काढायचं आणि तेवढंच किटलीतलं गरम घालायचं. घाई करायची नाही, एका वेळी एक अंश. प्रतापच्या पेटीतला काचेचा तापमापक त्यांनी बादलीला पाण्याच्या वर चिकटवून फडक्याने झाकला. निजायच्या आधी गोधडी गुंडाळायची. बुधवारी सकाळी नळीत एक बुडबुडा आला. बऱ्याच वेळाने दुसरा.

एका वहीत त्यांनी कारखान्यातल्यासारखे चार रकाने आखले होते: वेळ, अंश, वाचणारा, तपासणारा. ऋचा सोबत असली की शेवटच्या रकान्यात तिची सही पडायची. पण तिच्या मीटिंगा फार. दार उघडून देऊन ती वर पळायची आणि तो रकाना रिकामा राहायचा.

गुरुवारी त्यांनी घनतेसाठी नमुना काढला. १.०१४, म्हणजे साखर बरीच उतरली होती. हातात काचेच्या नळकांड्यात शंभर मिलिलिटर सोनेरी बीअर उरली. काढलेला नमुना बादलीत परत घालायचा नसतो, जंतू जातात. त्यांनी ऋचाला हाक मारली. वरून तिचा जर्मन बोलण्याचा आवाज येत राहिला. ते नळकांडं धरून उभे राहिले. किती वेळ, ते त्यांनी नोंदवलं नाही. मग बेसिनमध्ये ओतलं, नळ सोडला, आणि लिहिलं: नमुना ओतून टाकला.

शुक्रवारी दुपारी प्रताप आला. ऋचाने त्याला रोज कळवलं होतं, त्याचं एकदाही उत्तर आलं नव्हतं. कोट न काढताच तो खाली उतरला. दुरुस्तीवाला अजून यायचा होता.

त्याने आधी बादलीवरच्या लिटरच्या खुणेकडे पाहिलं. तो तिकडे पाहतोय, हे भास्कररावांनी पाहिलं. त्यांनी वही पुढे केली.

प्रतापने पानं उलटली. अठरा, साडेअठरा, एकोणीस, एकोणीस, एकोणीस. गुरुवारच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"ओतलं?"

"ओतलं."

"कुणी पाहिलं?"

"कुणी नाही. म्हणून रकाना रिकामा आहे."

प्रतापने वहीतलं पेन उचललं आणि त्या रिकाम्या जागेवर टेकवलं. भास्कररावांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"न पाहिलेल्यावर सही करायची नसते."

"बाबा, माझा विश्वास..."

"असू दे. तरी करायची नसते." त्यांनी घड्याळ पाहिलं. "तीनचं घ्यायचंय. थांबतोस?"

प्रतापने कोट काढून पायरीवर ठेवला. भास्कररावांनी फडकं बाजूला केलं, चष्मा वर केला, आणि एकोणीस असं वाचून लिहिलं. प्रताप गुडघ्यावर बसला, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणला.

"साडेअठरा आहे, बाबा."

भास्कररावांनी पुन्हा वाकून पाहिलं. साडेअठराच होतं. एकोणीसवर त्यांनी एकच आडवी रेघ मारली, आकडा खाली वाचता येईल अशी. वर साडेअठरा लिहिलं आणि शेजारी सही केली.

"म्हणून दुसरा माणूस लागतो," ते म्हणाले आणि पेन त्याच्याकडे दिलं.

प्रतापने चौथ्या रकान्यात सही केली. मग तो किटली लावायला उठला.