उरलेली खोली

संगणकाच्या त्या भाषेच्या जुन्या आवृत्तीत तीन खोल्या दोन भावांत भागल्या की प्रत्येकाला एक यायची. उरलेली कुणाच्याच हिशेबात नसे, आणि आई तिथे राहायची. नाशिकचा आमचा ब्लॉक वडिलांनी त्याच भाषेत लिहिला होता. नळ, दिवे, भिंती, सगळं त्यावर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं.

ती आवृत्ती काढून टाकायचं काम माझ्याकडेच आलं. लोकांना फुकट मिळणाऱ्या एका संगणकप्रणालीचं काम मी पाहतो. तिच्यासोबत हजारो प्रोग्रॅम जातात. त्यांतले जुन्या भाषेतले एकेक करून नव्या आवृत्तीवर आणायचे. जुनं ते सोनं म्हणणारे खूप भेटतात, ते सोनं घासायला कुणी येत नाही. मी दमलो होतो. नवी आवृत्ती बाकी सगळं जवळपास तसंच करते, फक्त भागाकार पुरा करते. तीनला दोनने भागलं की दीड.

त्यावर उपाय आहे. भागाकाराच्या तिरक्या रेघेशेजारी आणखी एक तिरकी रेघ ओढली की नवीही जुनीसारखी भागते. परक्यांच्या प्रोग्रॅममध्ये मी ती रेघ ओढतच आलो होतो. घराच्या प्रोग्रॅमला मात्र हात लावता येईना. वडील गेल्यावर तो अनाथ ठरला होता, आणि आमच्या कामात अनाथ प्रोग्रॅम आधी कुणीतरी दत्तक घ्यावा लागतो. वारस दोन असले तर दोघांचा होकार लागतो. नाहीतर यंत्रच त्याला नव्या आवृत्तीवर नेतं, आणि यंत्र दुसरी रेघ ओढत नाही.

मी हेरंबकडे गेलो. हा माझा धाकटा भाऊ. त्याच्या एका खोलीत बायको, मुलगी आणि शिलाईचं मशीन.

"दीड मिळाली तर पोरीचं टेबल बसेल, दादा," तो म्हणाला.

"आणि आई?"

"आई कुठे जातेय? आहे तिथेच राहील की."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण मीही मनातल्या मनात अर्ध्या खोलीत कपाट लावून पाहिलं होतं.

पुण्याला आमच्या कामाचे प्रमुख ठोसरसाहेब यांना फोन करून जुनी आवृत्ती काढायला मुदत मागितली. एका खोलीसाठी सगळ्या जगाला थांबवता येत नाही, असं ते समजुतीने म्हणाले. मुदत आधीच एकदा वाढवून झाली होती, तीही मीच मागितलेली.

त्याच आठवड्यात आईच्या खोलीत जमिनीवर पांढरी रेघ उमटली. मग ती घोट्याएवढी उंच झाली, मग गुडघ्याएवढी. ती बरोबर खाटेखालून जात होती. आई दोन्ही बाजूंचा केर तेवढा वेगवेगळा भरू लागली.

मी म्हणालो, खाट माझ्या बाजूला ओढून घेतो.

"नको रे," ती म्हणाली. "तुझ्याकडे सरकले तर त्याला वाटेल, त्याच्याकडे सरकले तर तुला वाटेल. राहू दे मध्येच."

जुनी आवृत्ती मी सोमवारी दुपारी काढली. एक बटण दाबायचं असतं, दुसरं काही नाही. नंतर आईच्या खोलीत गेलो तर भिंत छताला टेकली होती, रंगही देऊन झाला होता. आई खाटेवर आडवी होती. कमरेपर्यंत माझ्याकडे होती, पुढची भिंतीपलीकडे. दुखतंय का, असं मी विचारलं. नाही म्हणाली, चहा मागितला. मी बशीत ओतून पाजला.

"पाय गार पडलेत का, तेवढं हेरंबला बघायला सांग," ती म्हणाली. "मला इकडून कळत नाही."

मी भिंतीवर थाप मारली. एकच चादर होती, ती मी तिच्या गळ्यापर्यंत ओढून दिली.

थोड्या वेळाने पलीकडून कुणीतरी ती पायांवर ओढून घेतली.