मोडक्या काट्याची वजनं

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. आरोग्य केंद्रात तान्ह्या बाळांची वजनं करणं हे माझं काम. कारखान्यात माझ्या पोटात पोलादी स्प्रिंग बसवली, पुन्हा पुन्हा वजनं टांगून मला पारखलं आणि मगच बाहेर सोडलं. पुढे नऊ वर्षं मी झोळीतल्या बाळांच्या लाथा खाल्ल्या, कितीदा तर न्हालोसुद्धा! काटा जरा पुढे सरकला की आयांचे चेहरे खुलायचे. तेवढं कौतुक मला पुरायचं.

मग एक दिवस माझी स्प्रिंग तुटली. नर्सताईंनी मला कपाटावर ठेवलं. आपलं काम संपलं, असं मी धरून चाललो.

सात महिन्यांनी मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या. केंद्रांनी पाठवलेले आकडे जागेवर जाऊन पडताळायचे, ही त्यांची नोकरी. त्यांनी नोंदवही उघडली आणि बाळांची वजनं वाचायला सुरुवात केली. मी ऐकतच राहिलो. या महिन्याची, मागच्या महिन्याची, त्याआधीचीही! मी धूळ खात पडलेला, केंद्रात दुसरा काटा नाही. मग ही वजनं केली कोणी?

बाईंनाही काहीतरी खटकलं होतं. वहीतलं प्रत्येक बाळ दर महिन्याला बरोबर तीनशे ग्रॅमने वाढत होतं. त्यांनी काटा मागितला. नर्सताईंनी मला कपाटावरून खाली उतरवलं.

"बिघडलाय म्हणून तीनदा कळवलं," त्या हळूच म्हणाल्या. "कोणी आलं नाही. रकाना रिकामा ठेवला की मलाच खुलासा मागतात. भरला की कोणी काही विचारत नाही."

 बाईंनी गाडीतून आपला काटा आणवला आणि वहीतल्या पहिल्या बाळाला बोलावणं धाडलं. त्याची आई शिवण अर्धवट टाकून आली. वहीत वजन होतं सात किलो दोनशे. काटा पाचच्या पुढे जाईना.

"पण तुम्ही तर छान वाढतंय म्हणाला होतात," आई एवढंच म्हणाली.

नर्सताईंना मान वर करवेना. स्प्रिंग तुटली तेव्हाही मला एवढं लागलं नव्हतं.

बाळाला त्याच दुपारी रुग्णालयात हलवलं. सव्वा महिना ते तिथे होतं. वाचलं.

बाईंनी वरिष्ठांपुढे नर्सताईंची चूक मांडली, आणि कार्यालयाचीही. आता वहीत एक नवा रकाना आहे: 'वजन घेतले नाही, कारण'. तो भरला म्हणून कोणी रागावत नाही. आठवड्याच्या आत दुरुस्तीवाला येतो. दर महिन्याला दोन-चार बाळांचं वजन दुसरंच कोणी येऊन पुन्हा करतं आणि आकडा आईला दाखवतं. मलाही नवी स्प्रिंग मिळाली.

मित्रांनो, एखादी वस्तू मोडली तर तिला अडगळीत टाकून विसरू नका. आणि जे मोजलंच नाही, ते मोजलं म्हणून कधी लिहू नका. ते बाळ सात महिने कागदावर वाढत होतं, आणि पाळण्यात झिजत होतं.