पाच वाक्यं

नातीचं, केतकीचं, नोएडात बारसं झालं त्या वर्षी बळवंतराव चौसष्टाव्या वर्षी इंग्रजी लिहायला लागले. बत्तीस वर्षं दिल्लीच्या सरकारी दफ्तरात त्यांनी शिपाई म्हणून फायली वाहिल्या. मराठी अक्षरंसुद्धा निवृत्तीनंतरच आली. आता सून देवयानी रोज एक शब्द द्यायची. त्या दिवशीचा शब्द 'एक्सलंट'. पाच वाक्यं करायची.

त्यांनी मान खाली घालून केली आणि मोठ्याने वाचून दाखवली. जुने साहेब एक्सलंट ऑफिसर. मुलगा अविनाश एक्सलंट इंजिनिअर. देवयानी एक्सलंट टीचर. व्याही एक्सलंट डॉक्टर. सोसायटीचे सेक्रेटरीही एक्सलंटच.

"बाबा, बिल्कुल बरोबर. एक चूक नाही," देवयानी म्हणाली आणि रडणाऱ्या केतकीला घ्यायला आत गेली.

बाल्कनीत उन्हाला बसून चंद्रप्रभाबाई मटार सोलत होत्या. त्यांना अक्षर ओळखीचं नव्हतं. "अहो, साऱ्या गावाचं झालं. बायकोचं काय लिहिलंत?"

बळवंतराव चपापले. चाकरीत कौतुक नेहमी वर पाठवायचं असतं. आजही हात सवयीने वरच गेला होता. सुनेपाशी शब्द टाकून त्यांना शिकायला बसवलं होतं ते हिनेच.

"तुझं पुढच्या पानावर," ते म्हणाले.

"मग दाखवा की वाचून. ऐकू दे तुमचं फाडफाड इंग्रजी."

त्यांनी पान उलटलं. साहेबांपुढे वाचता येत असल्याचं सोंग त्यांनी आयुष्यभर वठवलं होतं. बोट फिरवत ते म्हणाले, "चंद्रप्रभा इज अ‍ॅन एक्सलंट वाइफ."

चंद्रप्रभाबाई उठल्या, पदराला हात पुसत वहीवर वाकल्या. थोडा वेळ पाहत राहिल्या.

"वाचता नाही येत मला," त्या हळूच म्हणाल्या. "पण कोरं कळतं."

बळवंतरावांनी पेन उचललं. "आत्ता लिहितो ना."

"राहू द्या. मागून घेतलेल्याला काय चव?" आणि त्या पुन्हा मटारांपाशी जाऊन बसल्या.

वाक्य त्यांनी संध्याकाळी लिहिलं. पण वाचून दाखवायचं म्हणजे तिच्या डोळ्याला डोळा भिडवायचा, आणि तेवढंच त्यांना जमेना. ती समोर आली की वही मिटायची. आज नको, उद्या, असं करत महिना सरला. तिने पुन्हा विचारलं नाही.

चंद्रप्रभाबाई ७ फेब्रुवारी २०२३ला, मंगळवारी सकाळी, दवाखान्यात नेताना वाटेत वारल्या.