चिंचोक्यासाठी घर

चिंचोका कुत्र्यांच्या निवाऱ्यात दोनदा परत आला होता. पहिल्यांदा त्याचे केस गळतात म्हणून. परत करायला आलेल्या बाईंना मेट्रनबाईंनी विचारलं होतं, "केस तुमच्या साहेबांचेही गळताहेत, त्यांना कुठे सोडणार?" दुसऱ्यांदा घरात नवा सोफा आला म्हणून. आता तिसऱ्यांदा परत आला, तर निवारा त्याला पुन्हा कुणाला देणार नव्हता. आयुष्यभर पिंजराच. वीतभर कुत्रं, एक कान अर्धा, आणि भरवसा तेवढाही उरलेला नाही.

तीस वर्षं इस्पितळाचे वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेल्या मेट्रनबाई आता निवाऱ्यातर्फे घरं तपासत. माणूस कुत्र्याशी कसा बोलतो याकडे त्या बघतच नसत. पाहुण्यांसमोर सगळेच गोड बोलतात. यावेळी अर्ज होता त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाचा. दादा नुकता निवृत्त झाला होता. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आणि एकट्याने चाललं तर लोक रिकामटेकडा म्हणतील, अशी त्याला धास्ती होती.

"दादा, लादी पुसायचं फडकं कुठे असतं?" चहाचा कप खाली ठेवत मेट्रनबाईंनी विचारलं.

दादा उठला. बाल्कनीत डोकावला, बाथरूममध्ये डोकावला, भिंतीतलं एक कपाट उघडलं, त्यातून इस्त्रीचं टेबल अंगावर आलं. "अगं, आपलं फडकं कुठे असतं?"

"सिंकच्या खाली," वहिनी आतून म्हणाल्या.

"सिंकच्या खाली," दादाने बहिणीला ऐटीत सांगितलं. चौतीस वर्षं तो याच घरात राहत होता.

"पंधरा दिवस रोज सकाळी सहाला निवाऱ्यात ये. त्याला फिरव, घाण उचल, भांडं घास. मग बघू."

"सख्ख्या भावाची परीक्षा?"

"भाऊ म्हणून पंधरा. परक्यांना महिना लावते."

पहिल्या दिवशी दादा पांढरेशुभ्र बूट घालून आला. कुत्र्यासोबत सात फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. आठ वाजेपर्यंत सगळ्या नातेवाइकांनी त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक करून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी तक्रार आली. हा प्रत्येक खांबापाशी थांबतो, म्हणजे माझं चालणं होतच नाही. तिसऱ्या दिवशी चिंचोक्याने फाटकापाशी कार्यभाग उरकला. दादाने मान वळवून इकडेतिकडे पाहिलं.

"यासाठी इथे माणूस कोण असतो?"

"तू."

चौथ्या दिवशी वहिनी आल्या.

"यांचा गुडघा धरलाय, वन्सं."

"कालपर्यंत तर जिभेशिवाय काही चालवलेलं नव्हतं."

वहिनी हसल्या नाहीत. दोरी घेतली, फिरवून आणलं, घाण उचलली, भांडं राखेसारख्या पावडरीने घासून उन्हात पालथं घातलं. चिंचोका येऊन त्यांच्या पावलावर हनुवटी टेकवून पडला. मेट्रनबाईंच्या मनात आलं, असं घर शोधून मिळायचं नाही. अर्जावर सही करायचीच काय ती बाकी होती.

"देऊन टाका," वहिनी म्हणाल्या. "मी करेन त्याचं. एवीतेवी सगळ्यांचं करतेच आहे."

"वहिनी, तुम्हाला कुत्रं हवंय का?"

वहिनींनी त्याच्या अर्ध्या कानावरून बोट फिरवलं. "मला हे कुणी विचारलंच नव्हतं."

"मी विचारतेय."

"गोड आहे हो. पण मला सकाळी सातपर्यंत झोपायचंय. सासूबाई होत्या, मग मुलं होती, मग यांची नोकरी. आता कुठे झोपेन म्हणत होते." मग घाईने, "पण हे त्यांना सांगू नका. मला शिंका येतात म्हणा."

मेट्रनबाईंनी अर्ज फाडला. नको असलेलं काम वहिनी बिनबोभाट करतील, यात शंका नव्हती. पण एक दिवस त्या आजारी पडतील, आणि त्याच दिवशी कुत्रं पिंजऱ्यात परत येईल. शिंकांचं खोटं त्यांनी सांगितलं नाही. झोपेचं खरंही नाही. दादाला फोन लावला आणि म्हणाल्या, "चिंचोका तुला मिळणार नाही. तू तीन दिवस आलास."

"आज तुझी वहिनी आली होती ना? म्हणजे चार झाले."

"तो दिवस त्यांचा. अर्ज तुझा होता."

"सगळ्यांना फोटो पाठवलेत मी. आता काय सांगू?"

"बहिणीने नापास केलं म्हणून सांग."

"एका कुत्र्यापायी भावाला तोडतेस?"

"तुझं मन मोडलं तर तू चार जणांना सांगशील, दोन घास जास्त खाशील आणि घोरशील. त्याचं दोनदा मोडलंय, आणि त्याला सांगायला कुणी नाही."

दादाने फोन आपटला. मग चष्मा लावून, नाव शोधून, त्याने मेट्रनबाईंना घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं. तेवढं काम मात्र त्याने स्वतः केलं.