बांबूचं बेट

सही करून तिनं टोपण न लावताच पेन प्राचार्यांकडे सरकवलं. कॉलेजमागचं बांबूचं बेट तिच्या आईनं लावलेलं. आई तीस वर्षं इथे वनस्पतिशास्त्र शिकवायची. ती जाऊन दोन महिने झाले होते, म्हणून ते तोडायला आता लेकीची संमती. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीवर अत्याचार झाला होता आणि ती त्या बेटात सापडली होती. आवारातल्या काळोख्या जागा काढून टाकायच्या, असं समितीनं ठरवलं. एका मुलीपुढे बांबूचं काय, असं तिलाही मनापासून वाटलं.

तरी पाय तिकडेच वळले.

बेटात शिरताना ऊन हिरवं होत होतं. पानं गळत नव्हती, नुसती तरंगत होती. क्षणभर वाटलं, पलीकडून आई येईल आणि एवढा उशीर का केलास म्हणेल.

माळीकाका करवतीला तेल देत होते. इथली काडी मोडायची तरी बाईंना चारदा विचारावं लागायचं, असं ते स्वतःशीच पुटपुटत होते.

"चोर सोडून संन्याशाला सुळी," ते म्हणाले. "आणि मुळं राहिली ना पोरी, तर तुमच्या समितीच्या नाकावर टिच्चून उगवेल हा."

पहिला बांबू हळूच आडवा झाला, जणू पाण्यातून. त्याच्यामागे एक मुलगी उभी होती. पुस्तकं छातीशी धरलेली. बाईंची मुलगी तुम्हीच का, असं तिनं विचारलं.

"ताई, मीच सापडले होते इथे."

आता इथे लख्ख उजेड येईल, भीती राहणार नाही, असं काहीतरी बाईंची लेक बोलून गेली.

"इथे नव्हतीच भीती," मुलगी म्हणाली. "वर झालं ते. प्रयोगशाळेत. सगळे दिवे चालू होते. मी पळत इथे येऊन लपले. सर मला शोधत दोनदा या वाटेनं गेले, पण मी त्यांना दिसले नाही."

"समितीला हे सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, कुठे सापडलीस. मी सांगितलं. म्हणाले, एवढं पुरे."

बाईंच्या लेकीनं हात वर केला. करवत थांबली. त्या शांततेत वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून एक आवाज खाली आला. संथ, समजूतदार, मुद्दे लिहून देणारा. मुलीनं मान वर केली नाही, पण बोटं पुस्तकांवर पांढरी पडली.

"प्राचार्यांकडे जाऊ या?" तिनं विचारलं. "तू म्हणशील तरच."

मुलगी पडलेल्या बांबूकडे पाहत राहिली. मग तिनं पुस्तकं माळीकाकांच्या हातात दिली आणि ती इमारतीकडे वळली.