तिन्ही मोटरा ऑटोवर

अमरावतीच्या आमच्या ऑफिसात एकाच सर्व्हरच्या पोटात तीन व्हर्च्युअल मशिनी, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभे केलेले तीन वेगळे संगणक, चालतात. प्रत्येकीला मी सर्व्हरचे आठही प्रोसेसर देऊन टाकले होते, कुणाचीच तक्रार नको म्हणून. आज सर्व्हर सुरू केला की तिन्ही कोसळत होत्या. एकटी चालवली तर कोणतीही मुकाट चालायची. मेमरी तपासली, अपडेट टाकलं, काढलं. शेजारची जेबा म्हणाली, "चहा घेऊन ये आधी." मी तिच्यावरच खेकसले.

तेवढ्यात मोर्शीहून दादाचा फोन. "आचल, लाइन आली अन् ट्रान्सफॉर्मरची डीपी उडाली. संत्र्याले पानी कसं द्याव आता?"

"तुमच्या तिघा भावायच्या मोटरा ऑटोवर हायेत ना? लाइन आली का तिन्ही संगच सुरू होतात. डीपी उडीन नाही तं काय होईन? कवाची सांगून राहिली, ऑटो काढा, एकामागं एक लावा."

"पन तू काहून चिडून राहिली?" म्हणत त्यानं फोन ठेवला.

जेबा माझ्या स्क्रीनकडे बघत होती. तिन्ही मशिनींपुढे 'आपोआप सुरू' अशी खूण होती. मीच केलेली.

"मंग," ती म्हणाली, "हा ऑटो तू काढशीन का मी काढू?"